महापरसादाची अर्धी गोळी

माझ्या मायला एकटीनं खाणं कधी जमलंच नाही. पेरू असो, पेढा असो, नाहीतर खोकल्याची चघळायची गोळी असो, हातात आली की आधी तिचे दोन भाग व्हायचे. एक तिच्या तोंडात जायचा, दुसरा पदराच्या गाठीत. गाठीतला भाग कुणाचा, हे आमच्या घरात विचारावं लागत नसे. तो तिच्या महापरसादचा.

महापरसाद हे कुणाचं नाव नव्हे, नातं आहे. आमचं गाव तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या बाजूला. नदी ओलांडली की मध्य प्रदेश. या पट्ट्यात दोन बायांचा जीव एकमेकींवर जडला, तर देवळात नारळ वाढवून त्यांचा महापरसाद जोडतात. एकाच नारळाचं खोबरं दोघींनी निम्मं निम्मं खायचं. त्यानंतर जन्मभर एकमेकींना नावानं हाक मारायची नाही, महापरसाद म्हणायचं. जातगोत आडवं येत नाही. माझी माय धानाची शेती करणाऱ्या घरातली, तिची महापरसाद तलावात मासे धरणाऱ्या घरातली. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आल्या, दोघींच्याही ओळखीचं इथे कुणी नव्हतं, आणि विहिरीवर पहिल्यांदा बोलल्या त्या बोलतच राहिल्या. मी तिला मावशी म्हणायची. सख्ख्या मावश्याही मला आहेत, पण नुसतं मावशी म्हटलं की डोळ्यांसमोर हीच येते.

मावशीकडून झिंगे आले की मायकडून तांदूळ जायचा. मायनं कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या की पहिलं ताट तिकडे. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे बांधीत धानाची रोपं लावायच्या दिवसांत, दोघी एकाच ओळीत वाकलेल्या असायच्या. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून बाया डबे उघडत, तेव्हा आपल्याच डब्यातलं खाणारी बाई तिथे सापडायची नाही. चटणी इकडून तिकडे, भाकर तिकडून इकडे, आणि शेवटी सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी सगळ्यांमधून फिरून रिकामी व्हायची. मी सुट्टीच्या दिवशी कधी गेले तर माझा डबा झाकून बसायची. माय म्हणायची, "हे पोट्टी कोनावर गेली कोनास ठाऊक." मी शिक्षिका आहे, माझा आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. वाटून खाण्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता आणि जे घडलं त्यानंतर तर उरलाच नाही. तरी आता डबा झाकला की घास गिळवत नाही, हेही खरं.

मागच्या वर्षीचा रोवणा. माय दुपारी बांधीत रोपांची पेंडी उचलायला वाकली आणि तशीच राहिली. उठताच येईना. कंबरेपासून पाठीपर्यंत असा काही पेटका आला की ती चिखलात गुडघे टेकून नुसती "वो माय, वो माय" करत होती. बाया धावल्या. कुणी म्हणालं उसण भरली, कुणी म्हणालं नस चढली, एकीनं पायाळू माणसाची लाथ लावायला सांगितलं. मावशीनं सगळ्यांना गप्प केलं, मायला काखेत हात घालून उचललं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोत्यांवर आडवं घालून घरी आणलं. मी शाळेतून आले तेव्हा मावशी विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून मायची पाठ शेकत होती. ट्रॉलीतल्या हादऱ्यांनी पाठ आणखी आखडली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवशी तुमसरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या शांतपणे बोलणाऱ्या, पण प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणाऱ्या. पाय उचलून पाहिले, बोटांनी पाठ चाचपली, लघवीला काही अडचण आहे का विचारलं, यकृताचा किंवा बीपीचा त्रास, चालू असलेल्या गोळ्या, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, हाड जागेवर आहे, स्नायू आखडलाय. दुखण्याची एक गोळी लिहिली आणि आखडलेला स्नायू सैल करणारी दुसरी. ही दुसरी गोळी हातात धरून त्यांनी जे सांगितलं, ते मला पाठ आहे.

"ही रात्री जेवण झाल्यावर घ्यायची आणि अंथरुणावर पडायचं. हिनं झोप येते, गुंगी येते, रक्तदाब उतरतो. त्यामुळे सकाळी झटकन उठायचं नाही. आधी कुशीवर वळा, मग बसा, मग उभ्या राहा. ही घेऊन चुलीपाशी जायचं नाही, विहिरीवर नाही, तलावावर नाही, गाडीवर मागेसुद्धा बसायचं नाही. दारूबरोबर नाही. झोपेच्या दुसऱ्या गोळीबरोबर तर मुळीच नाही. मी लिहिलेत तेवढेच दिवस. आणि बाई, ही तुमच्या पाठीला, तुमच्या वयाला, तुम्हाला तपासून लिहिली आहे. शेजारणीची पाठ दुखली म्हणून तिला द्यायची नाही."

शेवटच्या वाक्याला माय हसली होती. डॉक्टरीणबाईंना वाटलं समजलं म्हणून हसली. मला वाटलं गंमत वाटली म्हणून हसली. बाहेर आल्यावर बसस्टँडवर मी तिला सगळं पुन्हा सांगितलं, माझ्या वर्गातल्या आवाजात, आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले इतक्या मोठ्यानं. माय म्हणाली, "आयकलं वो बाई. मी का बहिरी हावो?"

पहिल्या रात्री तिनं गोळी खाल्ली आणि उन्हं अंगणात आली तरी ती उठली नाही. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. मी दोनदा नाकापुढे बोट धरून पाहिलं. उठल्यावर डॉक्टरीणबाईंचं सांगणं विसरून एकदम उभी राहायला गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाटेचा खूर धरून मटकन खाली बसली. मी ओरडले. ती मात्र खुशीत होती. पाठीवर हात फिरवत म्हणाली, "पाय बरं, गाठ सोडल्यावानी झाली. कायची गोळी आहे बापा ही! सोनं आहे." तेवढ्यात मावशी झिंगे घेऊन आली आणि मायनं तिला रामराम करायच्या आधी गोळीचं कौतुक सांगितलं.

मावशीची पाठ मायच्या पाठीपेक्षा वाईट होती, हे इथे सांगायला हवं. आयुष्यभर जाळी ओढून तिची मान आणि खांदे लाकडासारखे झाले होते. कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. ती कधी डॉक्टरकडे गेली नाही असंही नाही. नवरा वारल्यावर तिची झोप उडाली, छातीत धडधड व्हायची, तेव्हा सरकारी दवाखान्यातून तिला झोपेची गोळी सुरू झाली होती. ती गोळी ती नेमानं घ्यायची. पाठीचं मात्र तिनं कुठे दाखवलं नव्हतं. पाठ दुखणं हा आजार आहे, हे तिच्या पिढीतल्या बायांना पटवणं कठीण. बाईची पाठ दुखायचीच, असं त्या म्हणतात आणि कामाला लागतात.

"मावशी, तुझी पाठ डॉक्टरला दाखवू. रोवणा संपला की मी नेते," मी त्याच दिवशी म्हणाले.

"नेजो," ती म्हणाली. "आता बांध्या पडून आहेत, मंग जाऊ."

मी मायला तिच्यासमोरच बजावलं की ही गोळी हिला द्यायची नाही, ही झोपेची गोळी घेते. मावशी हसून म्हणाली, "मले नोको बाई तुमची गोळी." मायही हसली. दोघी अशा एकदम हसायच्या, तेव्हा मला त्यांच्यामध्ये परकं वाटायचं. त्यांच्यात काही ठरलेलं असायचं आणि ते मला कळायचं नाही.

त्या रात्रीपासून माय रोज जेवण झाल्यावर माझ्यासमोर पाकिटातून एक गोळी काढायची, पाणी प्यायची, आडवी व्हायची. पण पहिल्या दिवशीसारखी सैल काही होईना. सकाळी कण्हत उठायची. मी म्हटलं गोळी लागू पडत नाही, डॉक्टरीणबाईंना फोन करते. ती म्हणाली, नको, बरं आहे, हळूहळू उतरून राहिलं. गोळी ती दातांनी तोडत होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अर्धी ती खायची आणि अर्धी कागदात गुंडाळून गाठीला बांधायची. पुढे तिनं मला कारण सांगितलं ते असं. "इतकी चांगली चीज, मले एकटीले खावाले बरं नाई वाटत."

तो दिवस साधाच होता. मी शाळेत होते. माय घरी खाटेवर. मावशी शेजारच्या बांधीत रोवण्याला गेली होती आणि दुपारच्या सुट्टीत धुऱ्यावर न बसता मायला बघायला घरी आली. तिची पाठ सकाळपासून धरली होती, ओट्यावर बसताना ती कण्हली, इतकी. मायनं पदराची गाठ सोडली. कागदात जमलेल्या अर्ध्या गोळ्यांपैकी दोन तिच्या हातावर ठेवल्या. म्हणाली, दोन अर्ध्या म्हणजे एक पुरी, डॉक्टरीणबाईनं एकच सांगितली आहे. मायनं एवढा एक हिशेब डॉक्टरीणबाईंचा पाळला. मावशीनं गोळ्या कागदात गुंडाळून पदराला बांधल्या, पाणी प्यायली आणि काही वेळ मायच्या पायांशी बसली.

"झोप जराशी इथंच," माय म्हणाली.

"नाई वो महापरसाद. रोवणं उरलं आहे, मंग सापळा काढाचा आहे. काढून घरी जातो, मंग झोपतो."

तलावाच्या काठाला, पाणी शेतात जिथून सुटतं तिथे, मावशी बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायची. रोज दिवस कलताना पाण्यात उतरून तो उचलायचा, झिंगे काढायचे, पुन्हा ठेवायचा. हे तिनं इतक्या वर्षांत कुणाला न सांगता, न विचारता केलेलं काम. पावसाळ्यात तिथे पाणी छातीला लागायचं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. ती चालायला शिकायच्या आधी पोहायला शिकली होती, असं ती सांगायची आणि ते खोटं वाटायचं नाही.

मी बसमधून उतरले तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. सगळं गाव तलावाच्या पाळीवर होतं. चपला हातात घेऊन मी चिखलातून पळाले. माणसांनी तिला बाहेर काढून गवतावर ठेवलं होतं. कुणीतरी तिच्या अंगावर आपलं धोतर टाकलं होतं. सापळा पाण्यातच, तिनं लावला होता तसा. त्याच्यापर्यंत ती पोचलीही नव्हती. जिथे सापडली तिथे पाणी कंबरेएवढं होतं, आणि लोक तेच पुन्हा पुन्हा एकमेकांना सांगत होते. एवढ्याशा पाण्यात? ही? म्हातारे म्हणाले तलावानं नेली. तिच्या दिरानं सांगितलं, पायात गोळा आला असेल. मी तिचा हात हातात घेतला. बोटांत अजून चिखल होता, रोपं लावताना नखांत जातो तो. मी खूप रडले. एवढ्या लोकांसमोर मी तोवर कधी रडले नव्हते.

मग गर्दी बाजूला झाली. माय आली होती. कुणाचाही हात न धरता, भिंती आणि झाडं धरत, वाकलेली. ती मावशीजवळ बसू शकत नव्हती, तिला खाली वाकताच येईना. उभ्यानंच तिनं मला जवळ ओढलं आणि कानाशी बोलली.

"म्याच देल्ली तिले गोळी."

मला वाटलं, आता मी हिच्यावर ओरडणार. माझ्या छातीत शब्द तयार होते. सांगितलं होतं ना, बसस्टँडवर सांगितलं होतं, हिच्यासमोर सांगितलं होतं. पण मायचा चेहरा पाहिला आणि मी फक्त तिला धरून उभी राहिले.

पोलीस आले, पंचनामा झाला, दवाखान्यात नेलं. बुडून मृत्यू, एवढंच लिहिलं गेलं. काही दिवसांनी मी एकटी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नक्की कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित पायात गोळाच आला असेल. कदाचित पाय घसरला. पण आधीपासून झोपेची गोळी घेणारं शरीर, दिवसभराचं वाकणं, पोटात काही नाही, त्यावर ही गोळी, आणि मग पाणी. अशा वेळी माणूस उभ्या उभ्या गुंगतो, हातपाय सैल पडतात, ओरडायचंही सुचत नाही. "मी तुमच्या आईला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "आणखी नीट सांगायला हवं होतं." त्यांच्याकडून आणखी नीट काय सांगायचं राहिलं होतं, ते मला आजही समजत नाही.

नक्की माहीत नसणं हे सगळ्यात वाईट. नक्की असतं तर मायनं एकदाच काय ते रडून घेतलं असतं. ती रोज नव्यानं विचार करायची. गोळा आला असन काय? का गोळीनं? मी दोन देल्या, एकच देली असती तर? मी सकाळी चहा ठेवायची आणि ती चुलीकडे बघत हेच विचारायची. मी उत्तर द्यायचं बंद केलं, तरी ती विचारायची.

मावशीला एकच मुलगी. साकोलीकडे दिलेली, तिथे हायवेवर नवऱ्याचं पंक्चरचं दुकान आहे. माझ्याहून थोडी लहान, पण लहानपणी आम्ही दोघी एकाच खाटेवर वाढलेल्या. मी तिच्या आईला मावशी म्हणायची, तशी ती माझ्या मायला. दहाव्याच्या दिवशी तलावाच्या काठावर सगळं आटोपल्यावर माय तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी अडवायला पाहिलं. मायनं माझा हात झटकला आणि तिला सगळं सांगितलं, कागदातल्या अर्ध्या गोळ्यांसकट. "तुह्या मायले म्या मारलं, बाई." पोरगी तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा बदलला. उठली, पिशवी उचलली आणि आपल्या दिरांच्या गाडीत जाऊन बसली. त्यानंतर वर्षभर ना फोन, ना निरोप. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, सगळ्या माहेरवाशिणी येतात. ती आली नाही.

मायनं गोळ्या सोडल्या. सगळ्याच. तापाची गोळीसुद्धा घेईना. उरलेल्या गोळ्या मी तुमसरच्या दवाखान्यात नेऊन परत दिल्या, कारण त्या घरात दिसल्या की माय त्या खोलीत जायची नाही. पाठ पुन्हा आखडायला लागली. हिवाळ्यात पहाटे तिला कुशीवर वळता यायचं नाही, मी वळवायची. शेक, तेल, डॉक्टरीणबाईंनी शिकवलेले व्यायाम, एवढं ती करायची. गोळीचं नाव काढलं की तोंड फिरवायची. मी भांडले, समजावलं, जेवण टाकलं. एकदा रागाच्या भरात म्हणाले, "तू अशी झिजून गेल्यानं मावशी परत येणार आहे का?" ती म्हणाली, "नाई येनार. पन मले ठाव राहीन." तिला नेमकं काय ठाऊक राहील, हे मी विचारलं नाही.

या वर्षी रोवण्याच्या तोंडावर तिची पाठ अशी धरली की ती खाटेवर लाकडासारखी पडून राहिली. श्वास घेतला तरी पेटका यायचा. लघवीलाही उठवेना. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, असंच चाललं तर स्नायू कायमचे आखडतील, मग उभं करणं कठीण होईल. त्यांनी पुन्हा तपासून तीच गोळी लिहिली, आधीपेक्षा कमी ताकदीची, थोड्याच दिवसांची. मी आणली. रात्री जेवण भरवलं, गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली आणि भिंतीकडे बघत राहिली. सकाळी मला ती गोळी उशीखाली सापडली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी मावशीचं वर्षश्राद्ध होतं. मी स्वयंपाकघरात होते. दारात सावली पडली म्हणून वळले तर मावशीची मुलगी. श्राद्धाचं आटोपून सरळ आली होती, केस ओले, हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं नैवेद्याचं काही. माझ्याकडे बघितलं न बघितलं करून ती आत मायच्या खाटेशी गेली. मायनं तिला ओळखलं आणि उठायची धडपड केली, तशी पाठीत कळ येऊन तिचे डोळे मिटले.

"उठू नोको, मावशी," ती म्हणाली आणि खाली बसली, मायच्या पायांशी, त्या दुपारी मावशी बसली होती बरोबर तिथेच.

मी चहा करून आणला, तो तसाच राहिला. दिवे लागले. मी ताट आणलं, मायला चार घास भरवले. मग मी नेहमीप्रमाणे गोळी काढली, तिच्या हातावर ठेवली. मायनं मूठ मिटली. मुलीनं ते पाहिलं.

"खात नाई काय?" तिनं मला विचारलं.

"वर्षभर नाही खाल्ली," मी म्हणाले.

ती मायच्या मिटलेल्या मुठीवर हात ठेवून बोलायला लागली. तिचा आवाज शांत होता.

"मावशी, तिरडीवर ठेवाच्या पहिले मायले नायवाचं म्या केलं. तिच्या पदराले गाठ होती. सोडली तं ओल्या कागदात अर्धी गोळी निंगाली. अर्धीच. मले समजलं नाई कायची आहे ते. तू दहाव्याले सांगतलं, तवा समजलं. दोन देल्या होत्या तू. तिनं एकच खाल्ली. एक तुह्यासाठी ठेवली."

मायनं डोळे उघडले.

"तुले दुखते, तू आपली तिले देल्ली, मनून तिनं तुह्यासाठी ठेवली असन. ते असंच करे. मले मिठाई आनली तरी पहिले तुह्या वाट्याची काढे. मी तवा काही बोलली नाई, कारन मले राग आला होता. तुह्यावर नाई. दोघींवर. का असं कसं जगल्या तुमी, एक गोळी पुरी खाता येत नाई तुमाले." ती थांबली. नाक पदरानं पुसलं. "अर्ध्या गोळीनं गेली का गोळ्यानं गेली, मले नाई ठाव. तुलेही नाई ठाव. कोनालेच नाई ठाव."

माय रडत होती. आवाज नव्हता, कारण हुंदक्यानंही तिच्या पाठीत पेटका यायचा. नुसतं पाणी कानांच्या बाजूनं उशीवर जात होतं. मी तिचं डोकं धरलं होतं. वर्षभर मी मायला सांगत होते, तुझी चूक नाही, नाहीतर तुझीच चूक आहे पण आता खा, आणि काय काय. मावशीनं तिच्या वाट्याची अर्धी पदरात जपून ठेवली होती, हे मात्र मी तिला सांगू शकले नव्हते. मला ते माहीतच नव्हतं.

माय म्हणाली, "ठेवली होती?"

"ठेवली होती."

मग मायनं मूठ उघडली. गोळी तोंडाकडे नेली आणि दातांत धरली. मला दिसलं, ती चावून दोन करणार होती. कुणासाठी करते आहे हे तिला ठाऊक नव्हतं, दातांना सवय होती. मुलीलाही दिसलं. तिनं मायच्या हनुवटीखाली हात धरला, लहान पोराला औषध देतात तसा, आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"आता अर्धी कोनासाठी ठेवशीन, मावशी? पुरी खाय."

माय पाणी प्यायली.